टरफलांचा काढा आणि अडीच नंबरची काच

तीर्थरूप बाबा,

दुकानाचं शटर अर्धं ओढून, हात धुऊन आणि खुर्चीत नीट बसून जावयानं केलेला नमस्कार स्वीकारावा. तुमची तब्येत ठणठणीत असेल असं धरून चालतो. गुडघा काय म्हणतोय? खोकला अजून सकाळपुरताच आहे की संध्याकाळीही हजेरी लावू लागला? घेवड्याचे वेल काठ्यांवर चढले का, आणि कोपऱ्यातल्या त्या वाफ्यात या खेपेला तरी पाणी साचलं नाही ना? इकडे सर्व ठीक आहे. (वाचणाऱ्या व्यक्तीस सूचना: बाबा चष्मा लावत नाहीत, त्यामुळे हे पत्र तूच त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत असणार. कंसातला मजकूर मनातल्या मनात वाचावा. सर्व ठीक नाही.)

पत्र लिहिण्याचं कारण असं की, तुम्ही घातलेल्या अटीचा महिना काल संपला आणि तुम्हाला अहवाल लेखी हवा आहे. फोनवर मी गोडगोड बोलून वेळ मारून नेतो, असं तुमचं मत असल्याचं कळलं. (फोन त्यांच्या खुर्चीला खेटून ठेवलेला असताना मी तुझ्याशी आणखी काय बोलणार होतो?) पुढे वाद नकोत म्हणून अट कशी ठरली ते आधी लिहून ठेवतो. गेल्या खेपेला तुम्ही आमच्याकडे आलात, माझे सुजलेले पाय पाहिलेत आणि घेवड्याच्या वाळक्या टरफलांचा काढा घ्यायला सांगितलात. मी म्हणालो की दिवसभर काच घासायच्या यंत्रापुढे उभं राहून पाय सुजतात, त्यावर डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, आणि टरफलं ही गुरांपुढे टाकायची वस्तू आहे. यातल्या शेवटच्या भागाची गरज नव्हती, असं तुमच्या मुलीनं मला नंतर स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. तुम्ही मात्र आणलेली टरफलं पुन्हा पिशवीत भरून ठेवलीत.

मग तुम्ही दुकानात येऊन बसू लागलात. पेपर हात लांब करकरून वाचायचात, हात पुरेनासा झाला की उठून दारातल्या उजेडात जायचात. आता, ज्याचं पोट चष्म्यांवर चालतं त्या माणसाच्या दुकानात त्याच्याच सासऱ्यांनी असं दारात उभं राहून पेपर वाचावा, हे धंद्याच्या दृष्टीनं बरं दिसत नाही. म्हणून मी तुमचे डोळे तपासायला निघालो. तुम्ही जवळचं वाचायचं कार्ड माझ्या हातून घेतलंत आणि समुद्रात निघालेल्या जहाजाचा उतारा न अडखळता, विरामचिन्हांसह म्हणून दाखवलात. मला फार अभिमान वाटला असता, पण ते कार्ड मी त्याच सकाळी बदललं होतं. तुमच्या हातातल्या कार्डावर मधमाश्यांचा उतारा होता. जहाज जुन्या कार्डावरचं. रोज गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकून तुम्हाला ते पाठ झालं होतं. त्यावर मी चारचौघांत हसलो असा तुमचा आरोप आहे. मला ठसका लागला होता. (हसलो होतो. तूही हसत होतीस, पण तू पाठ फिरवून चष्म्यांच्या डब्या लावत होतीस, म्हणून सुटलीस.) त्याच संध्याकाळी तुम्ही निघालात आणि पायरीवर थांबून म्हणालात, “जावई ज्या दिवशी माझी शेंग मानेल, त्या दिवशी मी त्याची काच मानेन.”

तुमची मुलगी तुम्हाला पोचवायला आणि वेलांना काठ्या लावायला म्हणून आठवडाभरासाठी गेली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मिठाचा पुडा समजून धुण्याचा सोडा घेवड्याच्या पातेल्यात टाकलात, ते पातेलं उतू जाऊन शेगडी विझली, आणि तुमच्या मुलीनं जाहीर केलं की बाबांना पुड्यांवरचं वाचून दाखवायला कुणीतरी घरात हवं, ते चष्मा लावेपर्यंत मी इथून हलत नाही. तुम्ही जाहीर केलंत की जावई महिनाभर काढा पिईपर्यंत मी चष्मा लावत नाही. मी पाठवीन त्या पिशव्यांवर लिहिलं असेल तसंच करायचं आणि एकही प्रश्न विचारायचा नाही. म्हणजे सगळा मामला फिरून माझ्या पायांपाशी आला. मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. मी अट मान्य केली ती केवळ औषधी वनस्पतींविषयी मला कुतूहल असल्यामुळे. (असं मोठ्यानं वाचताना तुझा आवाज बदलू देऊ नकोस.)

तुम्ही पाठवलेलं गोणपाट वेळेवर मिळालं. त्याच्या तोंडाला बांधलेला दोरा गरजेपेक्षा बराच लांब होता आणि मध्येच त्याला दोन गाठी मारलेल्या होत्या. तो मी कात्रीनं न कापता सोडवून बाजूला ठेवला. आत दोन कापडी पिशव्या होत्या, तुम्ही स्वतः तोंडं शिवून बंद केलेल्या. तुमचं अक्षर पूर्वी फार देखणं होतं, अजूनही एकेक अक्षर देखणंच आहे, फक्त आता ती एकमेकांच्या अंगावर बसतात. पहिल्या पिशवीवर होतं: काढ्यासाठी, रोज सकाळी मूठभर घेऊन पाण्यात थोडं उकळणे. दुसरीवर होतं: जेवणासाठी, मऊ होईपर्यंत शिजवणे. पहिल्या पिशवीत लालचुटूक दाणे निघाले, ज्यांना बाजारात राजमा म्हणतात, आणि दुसरीत निघाली वाळकी टरफलं. (आधी पिशव्यांवर लिहिलं, मग भरायला घेतल्या, आणि भरताना स्वतःचंच अक्षर त्यांना वाचता आलं नाही. दुसरं काय झालं असणार? तू म्हणशील, तुला समोर दिसत नव्हतं का? मला सगळं दिसत होतं. माझा धंदाच तो आहे. पण अट होती, प्रश्न विचारायचा नाही. विचारला असता तर ते म्हणाले असते, मोडली अट, आणि तू आणखी एक हंगाम तिकडेच.)

तेव्हा पहिल्या सकाळी मी मूठभर दाणे पाण्यात थोडे उकळले. ते बाहेरून तसेच चकचकीत राहिले. पाणी प्यालो. दाण्यांचं काय करायचं याबद्दल पिशवीवर काही लिहिलेलं नव्हतं, आणि अन्न टाकू नये असं आमच्या घरात तुमच्या मुलीनं शिकवलेलं आहे, म्हणून तेही चावून खाल्ले. मग दुसऱ्या पिशवीतली टरफलं कुकरला लावली. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, गॅस संपत आला, खालच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी वर येऊन विचारलं की एवढं काय शिजतंय, पाहुणे येणार आहेत का. टरफलं मऊ होईनात. त्यांना मीठ, लसूण, तिखट सगळं लावून पाहिलं, त्यानं ती चविष्ट वाळकी टरफलं झाली. मी ती ताटात वाढून घेतली आणि जबडा दुखेपर्यंत चावली. एक घास अजून गालात आहे की काय असं मला मधूनमधून वाटतं.

दुपारपर्यंत पोटातले दाणे बोलू लागले. तपशील देत नाही, पत्र जेवणाच्या वेळी वाचलं जात असेल. काच घासायचं यंत्र तसंच चालू ठेवून मी मोरीकडे धावलो आणि तिथून जिना चढून वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे जायला मला भिंतीचा आधार घ्यावा लागला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की हे दाणे अर्धेकच्चे खाणं म्हणजे दुखणं विकत घेणं आहे. ते रात्रभर भिजवायचे, ते पाणी ओतून टाकायचं, नव्या पाण्यात खळखळून उकळायचे आणि पार मऊ झाल्याशिवाय तोंडात घालायचे नाहीत. हा उपचार कुणी सांगितला, असंही त्यांनी विचारलं. सासऱ्यांनी, असं म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांचेही सासरे आहेत. काढा टरफलांचाच असतो, दाण्यांचा नव्हे, हे त्यांनाही त्यांच्या आजीकडून माहीत होतं. घ्यायला हरकत नाही, म्हणाले, पण गोळ्या बंद करायच्या नाहीत. तेव्हापासून मी पिशव्यांची अदलाबदल केली. हा अटीचा भंग धरू नये, कारण मी कुणालाही प्रश्न विचारला नाही. डॉक्टरांनीच मला विचारला. (रात्री पडल्या पडल्या वाटलं की तू असतीस तर आधी बोलली असतीस आणि मग लिंबूपाणी दिलं असतंस. खालच्या बाईंनी नुसतं लिंबूपाणी दिलं.)

आता खऱ्या काढ्याविषयी. त्याला भिजलेल्या गोणपाटाचा वास येतो आणि चव वासाला धरूनच आहे. मी तो रोज सकाळी उभ्यानं पितो, नाक धरून, आणि मग दुकान उघडतो. त्याचा गुण तुम्ही सांगितला होतात, की अंगातलं साचलेलं पाणी निघून जातं. ते किती वेगानं जातं हे सांगितलं नव्हतं. शाळेच्या मुख्याध्यापिका बाई डोळे तपासायला आल्या त्या दिवशी मी जरा जास्तच कडक काढा घेतला होता. त्यांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली, उजव्या डोळ्यावर काळी चकती लावली, डाव्या डोळ्याची काच काढून दुसरी घालणार तेवढ्यात मला जाणं भाग पडलं. घाईत दुसऱ्या डोळ्यावरही काळी चकतीच बसली. मी परत आलो तेव्हा बाई ताठ बसून, दोन्ही डोळे बंद केलेल्या अवस्थेत, रिकाम्या खोलीला सांगत होत्या की या काचेनं काहीच दिसत नाही, आणि आपण उत्तर का देत नाही. मी म्हणालो, हीच तर तपासणी आहे. मग काच बदलली, आणि पुन्हा मला जावं लागलं. असं बरंच चाललं. शेवटी बाई फ्रेमसकट उठून मला शोधायला निघाल्या, दुकानाबाहेर गेल्या, आणि समोरच्या केशकर्तनालयातल्या खुर्चीवर बसून तिथल्या माणसाला म्हणाल्या, आता पुढची ओळ दाखवा. त्यानं त्यांच्या गळ्याभोवती कापडही गुंडाळलं होतं. बाईंनी चष्मा अखेर माझ्याकडूनच केला, पण शाळेतल्या इतर शिक्षिका आल्या की सगळ्याजणी आधी विचारतात, आज तुमची तब्येत कशी आहे.

पहिल्या दिवशीच्या गोंधळात काही दाणे खिडकीतल्या शोभेच्या कुंडीत पडले असावेत. मला पत्ता नव्हता. एक दिवस पाहतो तर चष्म्याच्या फ्रेमा लावलेल्या स्टँडवर एक वेल चढू लागला आहे. तो मी ठेवला, कारण माझ्याकडे काच घासताना समोर पाहायला हल्ली दुसरं काही नसतं. बाबा, एक गोष्ट मी नीट पाहिली. हा वेल आधाराभोवती एकाच बाजूनं वळतो. मी त्याचा शेंडा सोडवून दुसऱ्या बाजूनं गुंडाळून पाहिला, हलकासा दोरा बांधून ठेवला. सकाळी आलो तर त्यानं स्वतःला सोडवून घेतलं होतं आणि परत आपल्या बाजूनं वळायला लागला होता. पुन्हा केलं, पुन्हा तेच. (मला लगेच तुमचं सगळं घराणं आठवलं. तुझ्यासकट.) आता तो एका सोनेरी फ्रेमच्या काडीत शिरून दुसऱ्या फ्रेमच्या नाकातून बाहेर आला आहे. गिऱ्हाइकं तीच फ्रेम मागतात. मी सांगतो, ती विकायची नाही, तिच्यात कुणीतरी राहतं. काल वेलाला कळ्या दिसल्या.

मुख्य मुद्दा पायांचा. सूज उतरली आहे. चप्पल पुन्हा नीट बसते आणि संध्याकाळी मोज्यांचा वळ उमटत नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले की गोळ्या आहेत, तुम्ही आता मधूनमधून स्टुलावर बसता हेही आहे (काढ्यामुळे सारखं उठावं लागतं, मग परत उभं राहण्याऐवजी मी बसतो), हल्ली स्वतःच्या हातचं खाता म्हणजे फारसं खात नाही हेही आहे, आणि काढाही आहे. श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा. मी ते तुमच्यावर सोडतो. माझ्या अहवालात मी लिहितो की शेंग मानली. टरफलं गुरांपुढे टाकायची वस्तू आहे हे माझे शब्द मी परत घेतो, आणि इतकी टरफलं चावलेल्या माणसाला तसं म्हणायचा अधिकारही राहत नाही.

आणि दाणे. तेही लिहिलं पाहिजे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी ते रात्री भिजवले, पाणी बदललं, खळखळून उकळले आणि मग मंद आचेवर लसूण, मीठ घालून ठेवले. दुकान बंद करून वर आलो तेव्हा जिन्यातच वास आला. बाबा, तुमचा घेवडा फार चांगला आहे. बोटांत धरला की लोण्यासारखा दबतो, आणि त्याचा रस भाकरी नसली तरी वाटीनं पिता येतो. मी फडताळातून ताटं काढली आणि वाढायला घेतलं, तेव्हा लक्षात आलं की दोन काढली आहेत. एक परत ठेवलं. तरीही दाणे दोघांपुरते होते, ते मी दोन दिवस खाल्ले. (हे मी मुद्दाम कंसाबाहेर लिहिलं. बाबांनी ऐकलं तर ऐकू दे.)

थोरल्यांना नमस्कार, धाकट्यांना काय द्यायचं ते तुम्हीच द्या, आणि वाफ्यातल्या वेलांना माझ्या वेलाकडून विचारपूस सांगा. लिहिण्यात कमीजास्त झालं असेल तर काढ्याच्या अंमलाखाली झालं असं समजावं.

तुमचा जावई

ता. क. तुमच्या मुलीला परत पाठवायची काहीही घाई नाही. घर उत्तम चाललं आहे. फक्त गाळणी कुठे ठेवली आहे तेवढं तिला विचारून कळवावं. महिनाभर मी काढा काच पुसायच्या फडक्यातून गाळतो आहे, आणि आता काचा पुसल्या की त्यांनाही गोणपाटाचा वास येतो.

ता. क. दुसरा. सोबत उरलेले दाणे परत पाठवत आहे. पिशवीच्या तळाशी हात घाला, एक डबी लागेल. तिच्यात अडीच नंबरच्या काचांचा चष्मा आहे. न तपासता नंबर कसा काढला असं तुम्ही विचाराल. तुमचा हात पेपर धरून किती लांब जातो ते मी दुकानात रोज पाहत होतोच. (आणि तुझा दोरा मिळाला. पहिल्या गाठीपर्यंत नाकापासून पेपरापर्यंतचं अंतर, दुसरीपर्यंत एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचं. हे माप तू ते खुर्चीत डुलक्या घेत असताना घेतलंस की वेलाला दोरा मापतेय असं सांगून, ते मला कळलं नाही. पण ज्या बाईला तिकडेच राहायचं असतं ती बाई दोऱ्याला गाठी मारत नाही, एवढं मला कळलं. तो दोरा मी खिशात ठेवला आहे.)

ता. क. तिसरा आणि शेवटचा. बाबा, मी माझा शब्द पाळला, आता तुमची पाळी. डबी उघडा, चष्मा लावा, हे पत्र तिच्या हातून घ्या आणि पहिल्या ओळीपासून स्वतः वाचा. तुम्हाला यात बरेच कंस दिसतील, जे तुम्हाला कुणी वाचून दाखवले नाहीत. ते आता तुम्ही वाचाल, आमच्या दोघांवर रागवाल, आणि दोऱ्याचं कळल्यावर तिच्यावर जास्त रागवाल. पण रागवण्यासाठी का होईना, तुम्ही ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं असेल. त्यानंतर मिठाचा पुडा आणि सोड्याचा पुडाही एकदा वाचून पाहा. दोन्ही वाचता आले की तिकडे वाचून दाखवायला कुणी लागत नाही.

आणि तू, तुझं वाचायचं काम संपलं. कंस संपले. मला इथे अजिबात करमत नाही. बॅग भर आणि घरी ये.